चाकं फिरत असताना दुसरं काम नको

प्रति,
विमान कंपन्यांचे उड्डाण विभागप्रमुख आणि प्रशिक्षणप्रमुख,
तसेच विमानतळ आणि टॉवर चालवणारे सर्व अधिकारी

विषय : टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चाकांवर चालवत नेताना, धावपट्टीवर चुकून होणारी घुसखोरी

स. न. वि. वि.

माझ्या स्वतःच्या चुकीपासून सुरुवात करते, म्हणजे पुढे जे मागणार आहे ते का मागते आहे हे कळेल.

तेव्हा मी को-पायलट होते. रात्रीची वेळ, पाऊस नुकताच थांबलेला, आणि विमानतळावर विमानांची रांग लागलेली. पुशबॅक होऊन, म्हणजे विमान गेटपासून मागे ढकललं जाऊन, आम्ही टॅक्सी सुरू केली आणि दोन-तीन मिनिटांतच वारा फिरला म्हणून आम्हाला दुसरी धावपट्टी मिळाली. जमिनीवरच्या विमानांना वाट सांगणाऱ्या ग्राउंड कंट्रोलरने नवा मार्ग सांगितला आणि शेवटी, वाटेत आडव्या येणाऱ्या धावपट्टीच्या अलीकडे थांबा, असंही सांगितलं. मी ते शब्दन् शब्द परत म्हणून दाखवलं. कॅप्टनने मान डोलावली. मग मी खाली बघितलं.

नवी धावपट्टी म्हणजे नवे वेग, पंखांवरच्या फ्लॅपचं नवं सेटिंग, नवा उड्डाणमार्ग. हे सगळं कॉम्प्युटरमध्ये भरायचं होतं. तेवढ्यात केबिनमधून इंटरकॉम वाजला. कुणी प्रवासी जागेवरून उठला होता. मी एका कानाने ते ऐकत होते, एका हाताने आकडे भरत होते, आणि कॅप्टनने विचारलं, "इथूनच ना उजवीकडे?" मी क्षणभर मान वर केली. निळे दिवे, हिरवे दिवे आणि ओल्या डांबरावर पसरलेली त्यांची प्रतिबिंबं. "हो," म्हणाले आणि पुन्हा खाली बघितलं.

ते वळण एक टॅक्सी-वे, म्हणजे विमानांचा जमिनीवरचा एक रस्ता, आधीचं होतं. आम्हाला समांतर जाऊन पुढच्या तोंडाशी थांबायचं होतं, आणि आम्ही सरळ धावपट्टीकडे तोंड करून निघालो होतो. थांब-रेषेचा पिवळा रंग पाण्याच्या चकाकीत विरघळून गेला होता. आमच्या विमानाच्या नाकाखालची काही मीटर जमीन कॉकपिटमधून दिसत नाही. रेषा एकदा तिथे गेली की ती होती हेसुद्धा कळत नाही. टॉवरने आमचं नाव घेऊन दोनदा "स्टॉप" म्हटलं. कॅप्टनने ब्रेक इतका जोरात दाबला की माझ्या मांडीवरचा कागद पेडलपाशी जाऊन पडला. पुढच्याच क्षणी कॉकपिट पांढऱ्या उजेडाने भरून गेलं आणि उतरायला आलेलं एक विमान इंजिनं पूर्ण जोरात चालवत आमच्यासमोरून वर चढलं. तो आवाज मला कानांनी ऐकू आला त्याआधी पाठीला, सीटमधून जाणवला.

कुणाला खरचटलंही नाही. चौकशी झाली. 'दोघांनाही आपण कुठे आहोत याचं भान राहिलं नाही' असा निष्कर्ष निघाला, दोघांनाही सिम्युलेटरवर पाठवलं, आणि फाइल बंद झाली. निष्कर्ष चुकीचा नव्हता. भान नव्हतंच. पण माझं लक्ष कुठे होतं आणि ते तिथे कुणी ठेवलं होतं, हा प्रश्न त्या अहवालात कुठेच नव्हता. कार्यपद्धतीच्या पुस्तिकेत त्या मिनिटाला को-पायलटने जे करायचं म्हणून लिहिलं होतं, नेमकं तेच मी करत होते. हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. म्हणून आज मीच तो आपल्यापुढे मांडते आहे.

टॅक्सीकडे आपण सगळेच विमानाला धावपट्टीपर्यंत नेण्याचा अधला-मधला वेळ म्हणून बघतो. गेटवर उरलेलं काम त्यात संपवायचं. वजनाचा अंतिम तक्ता आला, टॅक्सीत बघू. दुसरं इंजिन? एकावरच निघालं की इंधन वाचतं, दुसरं टॅक्सीत सुरू करू. चेकलिस्ट, केबिनचा निरोप, प्रवाशांसाठीची घोषणा, कंपनीचा संदेश, हे सगळं टॅक्सीत. सुटं सुटं पाहिलं तर यातलं कुठलंच काम अवाजवी नाही. सगळी मिळून मात्र ती कॉकपिटमधल्या दोन माणसांपैकी एकाला कायमचं खाली बघायला लावतात. कॉकपिटमध्ये दोन माणसं बसवली ती एकाची चूक दुसऱ्याने पकडावी म्हणून. खाली मान घातलेला माणूस चूक पकडत नाही. विचारलं तर "हो" म्हणतो. मी म्हटलं होतं तसं.

आता वेळेचा हिशोब पाहू. मोठ्या विमानतळांवर थांब-रेषा धावपट्टीच्या मध्यरेषेपासून साधारण ९० मीटरवर असते. धावपट्टी ४५ मीटर रुंद धरली, तर रेषेपासून तिच्या कडेपर्यंत अंतर उरतं सत्तर मीटरच्याही आत. पंधरा नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर, या अगदी साध्या टॅक्सीच्या वेगाने ते कापायला नऊ सेकंद लागतात. त्याच नऊ सेकंदांत १४० नॉट वेगाने उतरणारं किंवा धावणारं विमान साडेसहाशे मीटर पुढे येतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक ओळ भरून ती तपासायला किती वेळ लागतो, हे आपण सगळ्यांनी मोजलेलं आहे. तेवढाच लागतो.

इतिहासातली उदाहरणं आपल्याला पाठ आहेत. प्रत्येक वर्गात ती सांगितली जातात आणि बहुतेक वेळा धुकं, गैरसमज, रेडिओ एवढ्यावर थांबतात. मी ती पुन्हा वाचली ती एकच गोष्ट शोधत : त्या क्षणी माणसं दुसरं काय करत होती?

२७ मार्च १९७७, स्पेनचं तेनेरीफ बेट. धुक्याने भरलेल्या लहानशा विमानतळावर दोन बोइंग ७४७ एकाच धावपट्टीवर होती आणि ५८३ माणसं गेली. पॅन ॲमचं विमान धावपट्टीवरूनच टॅक्सी करत होतं आणि आतली माणसं नकाशा हातात धरून धुक्यात तिसरं वळण शोधत होती. ते त्यांना मिळालं नाही. ती पुढे निघून गेली. दुसऱ्या, केएलएमच्या विमानाच्या कॅप्टनच्या डोक्यावर ड्यूटीची संपत आलेली मुदत होती, आणि परवानगी नसतानाच त्याने विमान उड्डाणासाठी पळवलं होतं. टॉवरचा "थांबा, मी सांगतो" आणि पॅन ॲमचा "आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत" हे दोन्ही संदेश एकाच क्षणी बोलले गेले आणि एकमेकांत मिसळून केएलएमच्या कॉकपिटमध्ये पोचली ती एक शिट्टी. प्रशिक्षणप्रमुखांनी एक तपशील विसरू नये : तो कॅप्टन कंपनीचा ज्येष्ठ प्रशिक्षक होता. ही चूक नवख्यांची असते असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे एवढं पुरे आहे. 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, हा आजचा नियम त्या राखेतून आला.

१ फेब्रुवारी १९९१, लॉस एंजेलिस. कंट्रोलरने एका छोट्या विमानाला धावपट्टीवर नेऊन उभं केलं आणि मग त्याच धावपट्टीवर बोइंग ७३७ ला उतरायची परवानगी दिली. ती कंट्रोलर निष्काळजी नव्हती. दुसऱ्याच एका तशाच दिसणाऱ्या विमानाचा घोळ निस्तरण्यात ती गुंतली होती, आणि जमिनीवरचं रडार त्या दिवशी बंद होतं. छोट्या विमानातले बाराच्या बारा जण गेले आणि मोठ्यातलेही अनेक.

२७ ऑगस्ट २००६, अमेरिकेतलं लेक्सिंग्टन. पहाट व्हायची होती. कॉमेअरचं विमान लांब धावपट्टीऐवजी तिला छेदणाऱ्या साडेतीन हजार फुटांच्या आखूड धावपट्टीवर वळलं आणि तिथूनच धावलं. ५० पैकी ४९ जण दगावले. टॅक्सी करताना कॉकपिटमध्ये कामाशी संबंध नसलेल्या गप्पा चालल्या होत्या, हे सगळ्यांना माहीत आहे. टॉवरमध्ये त्या वेळी एकच माणूस ड्यूटीवर होता आणि विमानाला परवानगी देऊन तो उड्डाणांची नोंद करायला पाठमोरा झाला होता, हे तितक्यांदा सांगितलं जात नाही. खिडकीबाहेर विमान चुकीच्या पट्टीवर उभं होतं, आणि त्याच्यासमोर हिशोबाचा कागद होता.

आणि १३ जानेवारी २०२३, न्यूयॉर्कचं जेएफके विमानतळ. अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग ७७७ परवानगी नसताना धावपट्टी ओलांडून गेलं, आणि त्याच धावपट्टीवर डेल्टाचं ७३७ धावत सुटलं होतं. टॉवरमधल्या यंत्रणेने इशारा दिला, कंट्रोलरने उड्डाणाची परवानगी तिथल्या तिथे रद्द केली, डेल्टाचं विमान थांबलं. अमेरिकेच्या तपाससंस्थेने कारण लिहिलं ते असं, की इतर कामं उरकण्याच्या नादात वैमानिक मार्ग चुकले. ७७७ विमान धावपट्टी ओलांडत असताना को-पायलटची मान खाली होती. हे वाचताना मी वाक्यावर बोट ठेवून बराच वेळ बसले होते. त्या को-पायलटला मी ओळखत नाही, पण ती मान मी ओळखते.

अमेरिकेत १९८१ साली नियम आला, की टॅक्सी, उड्डाण, उतरणं आणि १०,००० फुटांखालचं बाकीचं उड्डाण या काळात कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त काहीही करायचं नाही. पुढे जगभरच्या कंपन्यांनी तीच शिस्त स्वीकारली. टॅक्सी त्या यादीत पहिल्यापासून आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने टॅक्सी हा उड्डाणाचाच नाजूक भाग ठरून चाळीस वर्षं उलटली. आम्ही गप्पा थांबवल्या. पण त्या शांततेत जी कामं येऊन बसली ती कंपनीचीच होती, त्यामुळे नियम मोडला असं कुणाला वाटलंच नाही. मी ज्या बदलाची मागणी करते आहे तो इथे आहे.

उड्डाण विभागप्रमुखांना माझी विनंती साधी आहे. टॅक्सीत धावपट्टी बदलली तर कॉम्प्युटरमधले आकडे विमान चालू असताना भरायचे नाहीत, असं लिहून द्या. ग्राउंडला सांगायचं, आम्हाला दोन मिनिटं हवीत. त्यांनी दाखवलेल्या जागी उभं राहायचं, पार्किंग ब्रेक लावायचा, दोघांनी मिळून आकडे भरायचे, नवा मार्ग नकाशावर बोटाने फिरवायचा, आणि मगच ब्रेक सोडायचा. बहुतेक कॅप्टनना हे आजही करावंसं वाटतं. ते करत नाहीत, कारण मागे सहा विमानं उभी असतात आणि उशिराची नोंद आपल्या नावावर पडणार हे त्यांना ठाऊक असतं. ती नोंद त्यांच्या नावावर पडणार नाही, एवढं एक वाक्य तुमच्या सहीने आलं, तर बाकीचं आम्ही करतो.

दुसरं इंजिन टॅक्सीत सुरू करण्याला माझा सरसकट विरोध नाही. मार्ग सरळ आणि लांब असेल, वाटेत एकही धावपट्टी आडवी येत नसेल, तर जरूर करावं. पण धावपट्टी ओलांडायची असेल तर ती ओलांडून होईपर्यंत नाही. चेकलिस्टचंही तसंच. थांब-रेषा जवळ आली की हातातलं काम अर्धवट टाकायचं आणि दोघांनी बाहेर बघायचं. रेषा मागे पडली की चेकलिस्ट पहिल्यापासून. अर्ध्यातून पुन्हा सुरू केलेल्या चेकलिस्टमध्ये एखादी ओळ गळते, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे.

ब्रीफिंगबद्दल प्रशिक्षणप्रमुखांशी थोडं बोलायचं आहे. टॅक्सीचं ब्रीफिंग, म्हणजे निघण्याआधी दोघांनी करायची मार्गाची उजळणी, आजकाल "नेहमीचाच मार्ग" या दोन शब्दांत उरकतं. त्यातून मनात एक चित्र तयार होतं, आणि कान त्याच चित्राला जुळणारं ऐकतात. कंट्रोलरने "अलीकडे थांबा" म्हटलं तरी, रोज ओलांडायला मिळतं म्हणून, "ओलांडा" असंच ऐकू येतं. इतकंच काय, "थांबतो" असं तोंडाने म्हणूनही पाय ब्रेकवर जात नाही. याला उपाय आवाज चढवणं नव्हे. गेटवर उभं असतानाच नकाशा काढून, या मार्गावर किती धावपट्ट्या आडव्या येतात, त्यातल्या प्रत्येकीच्या आधी शेवटची खूण कुठली, आणि चुकायचं झालं तर आपण कुठे चुकू, हे मोठ्याने बोललं पाहिजे. नकाशावर 'हॉट स्पॉट' म्हणून जागा गोल करून दाखवलेल्या असतात त्या याचसाठी. तिथे आपल्याआधी कुणीतरी चुकलं आहे, किंवा चुकण्याची शक्यता जाणकारांनी पाहिली आहे. आणि टॅक्सीची परवानगी मिळाली की ती लिहून घ्यायची. लिहिलेला कागद दोघांच्या मध्ये असला की "इथूनच ना?" या प्रश्नाला उत्तर आठवणीतून द्यावं लागत नाही.

रेषेपाशी काय करायचं ते शिकवताना हात पकडून शिकवा. टॅक्सी-वेच्या बाजूला दोन अखंड पिवळ्या रेषा, धावपट्टीच्या बाजूला दोन तुटक. अखंड रेषा आपल्या बाजूला असेल तर परवानगीशिवाय पुढे जायचं नाही. शेजारी लाल पाटीवर पांढरी अक्षरं, अनेक ठिकाणी आळीपाळीने लुकलुकणारे पिवळे दिवे, आणि जिथे आहे तिथे जमिनीतल्या लाल दिव्यांची आडवी ओळ, म्हणजे स्टॉप बार. स्टॉप बार पेटलेला असताना तोंडी परवानगी मिळाली तरी पुढे जायचं नाही. दिवे का पेटलेत ते विचारायचं. रेषा ओलांडण्याआधी एकाने डावीकडे बघून म्हणायचं "डावीकडे मोकळं", दुसऱ्याने उजवीकडे बघून "उजवीकडे मोकळं", आणि उतरणाऱ्या विमानाचा दिवा दिसतो का म्हणून नजर वर आकाशापर्यंत न्यायची. धावपट्टीवर पाऊल टाकताना लखलखणारे पांढरे स्ट्रोब दिवे लावायचे, म्हणजे वरून येणाऱ्याला आपण मागच्या दिव्यांपासून वेगळे दिसू. आणि उड्डाणाआधी धावपट्टीचा आकडा, होकायंत्राची दिशा आणि पडद्यावर भरलेली धावपट्टी हे तीन जुळतात का ते मोठ्याने म्हणायचं. लेक्सिंग्टनला ही एक खूण पाहिली असती तर ते विमान त्या पट्टीवरून धावलंच नसतं.

एक गोष्ट अर्धीच शिकवली जाते, म्हणून वेगळी सांगते. शंका आली की थांबा, हे खरं. पण टॅक्सी-वेवर असाल तर. आपण धावपट्टीवर आलो आहोत अशी शंका आली, तर तिथे उभं राहायचं नाही. शक्य तितक्या लवकर बाहेर पडायचं आणि त्याच वेळी टॉवरला सांगायचं. घाबरलेल्या माणसाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो, म्हणून सिम्युलेटरमध्ये याचा सराव हवा.

टॉवरच्या अधिकाऱ्यांना सांगताना मला संकोच वाटतो, कारण त्या रात्री आम्हाला तुमच्याच एका सहकाऱ्याने वाचवलं. तरीही. विमान वळणावर असताना मार्ग बदलू नका. बदलायचाच असेल तर आधी थांबवा, मग बोला. सात टॅक्सी-वेंची नावं एका दमात सांगितली तर परत म्हणून दाखवता येतात, पण लक्षात राहत नाहीत. प्रत्येक धावपट्टी ओलांडायला वेगळी, स्पष्ट परवानगी द्या. अमेरिकेत २०१० पर्यंत एखाद्या धावपट्टीपर्यंत 'टॅक्सी टू' म्हटलं की वाटेतल्या बाकीच्या धावपट्ट्या ओलांडायची परवानगी त्यात धरलेली असायची. ती पद्धत बंद केली ते योग्यच झालं. आणि एकाच धावपट्टीवरच्या सगळ्यांशी एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच भाषेत बोला. मे २००० मध्ये पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उड्डाण करणाऱ्या विमानाशी फ्रेंचमध्ये संभाषण झालं आणि त्याच धावपट्टीवर मधूनच शिरलेल्या मालवाहू विमानाशी इंग्रजीत. समोरच्याला उड्डाणाची परवानगी मिळाली आहे हे मालवाहू विमानातल्या वैमानिकांना कळायला मार्गच नव्हता. त्यांचा को-पायलट गेला. ज्याची त्याची मातृभाषा त्याला प्रिय असणारच, मलाही आहे. पण धावपट्टीवर दुसऱ्याने ऐकून सावध होणं हे संरक्षण आहे, आणि ते आपल्या सोयीसाठी काढून घेता येत नाही.

विमानतळ चालवणाऱ्यांकडे माझी तक्रार जुनी आहे. या अपघातांच्या अहवालांमध्ये एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं : यंत्रणा त्या वेळी बंद होती. तेनेरीफला धावपट्टीच्या मध्यरेषेचे दिवे बंद होते. लॉस एंजेलिसला जमिनीवरचं रडार बंद. ८ ऑक्टोबर २००१ ला मिलानच्या लिनाते विमानतळावर धुक्यात एक छोटं जेट चुकीच्या टॅक्सी-वेने धावपट्टीवर शिरलं आणि उड्डाण करणाऱ्या एसएएस कंपनीच्या विमानाखाली आलं. ११८ जण गेले. तिथे जमिनीवरचं रडार चालू नव्हतं, घुसखोरी ओळखणारे सेन्सर निकामी करून ठेवलेले होते, आणि वैमानिकाने रेडिओवर आपण ज्या खुणेपाशी आहोत म्हणून सांगितलं, ती खूण कंट्रोलरच्या नकाशावरच नव्हती. त्या वैमानिकाने आपण कुठे आहोत ते खरं सांगितलं होतं. ऐकणाऱ्याकडे ते तपासायचं साधन नव्हतं.

आणि २ जानेवारी २०२४, टोकियोचं हानेदा. तटरक्षक दलाचं विमान भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालं होतं. टॉवरने "नंबर वन" म्हणजे उड्डाणाच्या क्रमात पहिले, असं सांगून थांब-रेषेपर्यंत यायला सांगितलं; ते धावपट्टीवर आले आणि सुमारे ४० सेकंद तिथे उभे राहिले. जपान एअरलाइन्सचं एअरबस ए-३५० त्यांच्यावर उतरलं. एअरबसमधले सगळे ३७९ जण पेटत्या विमानातून बाहेर पडले, ही केबिनमधल्या कर्मचाऱ्यांच्या शिस्तीची कमाल. तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जण गेले. त्या थांब-रेषेवरचा स्टॉप बार सुधारणेच्या कामासाठी बंद होता. टॉवरमधल्या पडद्यावर इशारा उमटला होता, पण तो कुणाच्या ध्यानात आला नाही.

दुरुस्ती करावीच लागते, हे मला मान्य आहे. पण स्टॉप बार बंद ठेवायचा तर त्या तोंडातून विमानं नेणं थांबवा, किंवा तेवढा काळ विमानांचा ओघ कमी करा. पडद्यावर इशारा उमटत असेल तर त्याच्यासोबत आवाजही हवा. माणूस खिडकीबाहेर बघत असतो, आणि बघायलाच हवा. टॅक्सी-वेचं काम चालू असताना नकाशे जुने, पाट्या नव्या, आणि रंग अर्धवट खरवडलेला, अशी स्थिती एक रात्रसुद्धा राहू देऊ नका. जिथे परवडतं तिथे हिरव्या दिव्यांचा मार्ग आखून द्या, म्हणजे आपल्यापुढे पेटलेल्या दिव्यांमागे जायचं एवढंच काम उरतं. ज्या रात्री मी चुकले त्या रात्री सगळेच हिरवे दिवे पेटलेले होते, आमच्या वाटेचेही आणि शेजारच्या वाटेचेही.

गाड्यांच्या चालकांना या चर्चेत कुणी बोलावत नाही. धावपट्टीवर चुकून आलेली गाडीही घुसखोरीच आहे. विमान, वाहन आणि माणूस, तिन्ही आंतरराष्ट्रीय व्याख्येत एकाच वाक्यात आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये पेरूच्या लिमा विमानतळावर अग्निशमन दलाची गाडी सरावादरम्यान धावपट्टीवर आली आणि वेगाने धावणाऱ्या एअरबसने तिला धडक दिली. विमानातले सगळे वाचले, गाडीतले अग्निशमन कर्मचारी गेले. त्या चालकांना आमच्यासारखंच रेडिओचं प्रशिक्षण द्या, आणि आमच्या बैठकांना बोलवा.

आता शेवटचं. चूक सांगणाऱ्याला शिक्षा झाली तर पुढचा माणूस सांगणार नाही. मी त्या रात्रीनंतर जे काही लिहून दिलं ते सिम्युलेटरच्या वेळापत्रकात संपलं. कुणी मला बसवून विचारलं नाही, की त्या वीस सेकंदांत तुझ्या हाताखाली किती कामं होती. मी चार मोजली असती. आपल्या कंपनीत दर महिन्याला असे अहवाल येत असतील. त्यांत 'भान राहिलं नाही' हे वाक्य दिसलं, की त्याच्याखाली एक रकाना वाढवा : त्या क्षणी दोघांपैकी प्रत्येकाच्या हातात काय काम होतं, आणि ते त्याला कुणी दिलं होतं. सहा महिने तो रकाना भरून बघा आणि मग टॅक्सीच्या वेळची कामांची यादी पुन्हा लिहायला बसा. मी माझ्या सुट्टीच्या दिवशी येऊन सोबत बसायला तयार आहे.

गेल्याच महिन्यात, टॅक्सी करताना मला पुन्हा धावपट्टी बदलून मिळाली. मी ग्राउंडला सांगून थांबले, पार्किंग ब्रेक लावला. को-पायलट पहिल्याच वर्षाचा होता. त्याने मागे बघितलं, रांगेतल्या दिव्यांकडे, आणि हळूच विचारलं, "मॅडम, हे चालेल ना?" साडेतीन मिनिटं लागली. त्याला काय उत्तर द्यायचं हे मला ठाऊक होतं. ते उत्तर आपल्या पुस्तिकेत छापलेलं असावं, म्हणून हे पत्र.

कळावे,

आपली विश्वासू,
एक लाइन कॅप्टन